पिवळा पट्टा

गेल्या पावसाळ्यात चुलतभावाने गावाहून वर्तमानपत्राच्या कात्रणाचा फोटो पाठवला. आतल्या पानावर, नावात बदल केल्याच्या जाहिराती आणि हरवलेल्या कागदपत्रांच्या मधोमध, नगरपरिषदेची जाहीर सूचना होती. अमुक गट नंबरमधलं, मंजूर विकास योजनेत ‘खेळाचे मैदान’ या प्रयोजनासाठी आरक्षित असलेलं क्षेत्र आरक्षणातून वगळून रहिवास विभागात समाविष्ट करण्याचं प्रस्तावित आहे. ज्यांच्या हरकती वा सूचना असतील त्यांनी एक महिन्याच्या आत लेखी सादर कराव्यात. खाली मुख्याधिकारी. फोटोखाली भावाने एकच ओळ लिहिली होती : ‘ताई, आपलं ग्राउंड उठलं.’

मी भाषांतर करून पोट भरते, त्यामुळे माझं लक्ष आधी क्रियापदाकडे जातं. दुष्काळ पडतो, धाड पडते, तसं मराठीत जमिनीवर आरक्षण ‘पडतं’. आणि जप्ती उठावी, बंदी उठावी, तसं ते ‘उठतं’. कायद्याच्या पुस्तकात यातलं एकही क्रियापद नाही. तिथे आरक्षण ‘दर्शवलेलं’ असतं आणि ‘वगळलं’ जातं. पण तालुक्याच्या गावात माणसं जमिनीबद्दल बोलतात ती पडण्या-उठण्याच्याच भाषेत. बडोद्याला राहायला आल्यावर गुजरातीत मला दुसराच शब्द भेटला : ‘कपात’. इथे नगररचनेत जमीन गेली की लोक ‘कपातमां गई’ म्हणतात, कापडाच्या ठाणातून हातभर तुकडा कापून घ्यावा तसं. दोन्ही भाषांतल्या या शब्दांमागे एकच जुना कायदा आहे, हे मात्र मला फार उशिरा कळलं.

तो कायदा म्हणजे १९१५ चा मुंबई नगररचना कायदा, हिंदुस्थानातला या प्रकारचा पहिला. त्याची पद्धत अशी : शहराच्या कडेचा एक तुकडा घ्यायचा, त्यातली सगळ्यांची वेडीवाकडी शेतं कागदावर एकत्र करायची, रस्ते आणि मोकळ्या जागा आखायच्या, आणि उरलेली जमीन नव्या चौकोनी भूखंडांच्या रूपात ज्याची त्याला वाटून द्यायची. प्रत्येकाची थोडी जाते आणि उरलेल्या जमिनीची किंमत वाढते. वांद्र्याला अशा सुरुवातीच्या योजना झाल्या. याच वर्षी पॅट्रिक गेडिस हा दाढीवाला स्कॉटिश माणूस आपलं शहरांचं प्रदर्शन घेऊन हिंदुस्थानात फिरत होता. त्याचं मूळ प्रदर्शन ज्या बोटीने येत होतं ती जर्मन युद्धनौका ‘एम्डेन’ने बुडवली, तरी त्याने नवं सामान जमवून १९१५ च्या जानेवारीत मद्रासला प्रदर्शन भरवलंच. पुढे त्याने गायकवाडांसाठी बडोद्याचा अहवाल लिहिला (१९१६) आणि होळकरांसाठी इंदूरचा (१९१८). इंदुरात त्याने दिवाळीची मिरवणूक काढली, तीत प्लेगच्या उंदरांची सोंगं नाचवली, आणि मिरवणूक सर्वांत स्वच्छ झालेल्या रस्त्यांवरून जाणार असं आधीच जाहीर करून लोकांकडून घरं-दारं साफ करून घेतली. शहर आधी पायी हिंडून पाहावं, माणसांशी बोलावं आणि मगच नकाशाला हात लावावा, असं त्याचं म्हणणं होतं. नगररचनेच्या वर्गांत त्याचं नाव आजही आदराने घेतलं जातं. नकाशे मात्र बहुतेक वेळा टेबलावरच होतात.

त्या जुन्या पद्धतीत ‘माझ्या एकट्याच्या जमिनीचा वापर बदलून द्या’ या अर्जाला फारशी जागा नव्हती. जे व्हायचं ते सगळ्यांचं मिळून. असा अर्ज जन्माला येण्यासाठी आधी संपूर्ण गावाचा नकाशा रंगवला जावा लागतो.

रंगवण्याची ही कल्पना कायद्याच्या कसोटीला उतरली ती अमेरिकेत, तीही एका लहान गावाच्या निमित्ताने. ओहायो राज्यात क्लीव्हलंडला खेटून युक्लिड नावाचं गाव आहे. १९२२ मध्ये तिथल्या गावकारभाऱ्यांनी सगळ्या गावाची वापराच्या सहा प्रकारांत वाटणी केली. एका जमीनजुमला कंपनीची तिथे ६८ एकर जागा होती. कारखान्यांना विकायची म्हणून तिने ती राखून ठेवलेली. तिचं म्हणणं, कारखान्यासाठी एकरी १०,००० डॉलर येणारी जमीन घरांसाठी २,५०० वर आली. खालच्या न्यायालयाने कंपनीची बाजू घेतली. पण १९२६ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी गावाच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती सदरलँड यांनी चांगली वस्तूही चुकीच्या जागी उपद्रव ठरते हे सांगताना गोठ्याऐवजी दिवाणखान्यात शिरलेल्या डुकराचा दाखला दिला, आणि त्याच निकालात भाड्याच्या सदनिकांच्या इमारतींना बंगलेवस्तीवरचं बांडगूळ ठरवलं. डुक्कर कोण आणि दिवाणखाना कोणाचा, हे त्यांनी तिथेच सांगून टाकलं म्हणायचं.

‘झोन’ हा शब्द मूळचा ग्रीक, अर्थ कमरेचा पट्टा. आपल्याकडे कायद्याच्या मराठीने ‘विभाग’ हा सरकारी शब्द निवडला, पण लोक ‘हरित पट्टा’, ‘पिवळा पट्टा’ म्हणतात. कोणा अनामिक बोलणाऱ्याने नकळत मूळ ग्रीक अर्थ गाठला. हिरवा म्हणजे शेती, पिवळा म्हणजे रहिवास. आणि युक्लिडमध्ये जे रडगाणं होतं ते आमच्याकडे बरोबर उलटं झालं : तिथे घरांचा रंग लागला म्हणून जमीन स्वस्त झाली, इथे घरांचा रंग लागावा म्हणून माणसं वीस-वीस वर्षं देव पाण्यात घालून बसतात.

मुंबई राज्याच्या १९५४ च्या कायद्याने स्थानिक संस्थांवर संपूर्ण गावाची विकास योजना करण्याचं बंधन घातलं. १९६० मध्ये राज्य दुभंगलं. गुजरातने पुढे १९७६ चा आपला कायदा केला आणि जमीन एकत्र करून वाटण्याची जुनी रीत नेटाने चालू ठेवली. म्हणून इथे ‘कपात’. महाराष्ट्राने १९६६ चा प्रादेशिक व नगररचना अधिनियम केला. त्यात जुनी रीत पुस्तकात राहिली, पण भर पडला रंगीत नकाशावर. म्हणून तिकडे ‘आरक्षण पडलं’. गुजरातेत सगळ्यांची थोडी थोडी जाते. महाराष्ट्रात शेजाऱ्याचा गट पिवळा होतो आणि आपल्या गटावर मैदान येतं, आणि ते का, हे कोणी सांगत नाही. गुजरातची पद्धत निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही, पण एकट्यावर वीज पडल्याची भावना तिच्यात कमी आहे.

१९६६ च्या कायद्याचं कलम ३७ हे या अर्जांचं दार. विकास योजना वीस वर्षांतून एकदा नव्याने करायची असते. मधल्या काळात काही बदलायचं तर या दारातून. त्याला अट एक : बदल असा हवा की योजनेचं ‘कॅरॅक्टर’ बदलणार नाही. आमच्या शाळेतल्या निवृत्त सरांनी हरकत लिहायला घेतली, तेव्हा हे कलम मराठीत नीट समजावून दे म्हणून त्यांनी मला फोन केला. मी ‘स्वरूप’ लिहिलं. सर म्हणाले, ‘अगं, स्वरूप म्हणजे दिसणं. ते तर एक भिंत घातली तरी बदलतं. हे शील म्हणतायत का?’ मी बराच वेळ त्यावर अडकले. शेवटी ‘स्वरूप’च ठेवलं, कारण सुनावणीत कोणी शीलाबद्दल ऐकून घेतलं नसतं.

आता प्रत्यक्षात काय होतं ते. जमीनमालक नगरपरिषदेकडे अर्ज करतो; सोबत सातबारा, मोजणी नकाशा, झोन दाखला, भाग नकाशा. विषय सर्वसाधारण सभेपुढे जातो. विषयपत्रिकेवर असला तर लोकांना आधी कळतं. पण विषयपत्रिकेच्या शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ अशी एक ओळ असते, आणि लहान गावाचा भूगोल पुष्कळदा त्या ओळीत ठरतो. सूचक, अनुमोदक, ‘ठराव सर्वानुमते मंजूर’. मग राजपत्रात आणि वर्तमानपत्रात सूचना, एक महिना हरकतींसाठी, बाधितांना सुनावणी, आणि त्यानंतर प्रस्ताव मंजुरीसाठी शासनाकडे. शासन नगररचना संचालकांचा सल्ला घेतं आणि मंजूर करतं किंवा नाकारतं. म्हणजे गाव ठरवत नाही. गाव शिफारस करतं, ठरतं मंत्रालयात. आणि शासन स्वतःहूनही नगरपरिषदेला असा बदल हाती घ्यायला सांगू शकतं. त्यामुळे कुठल्या ठरावाची उगमधारा कुठे, हे इतिवृत्त वाचून कळत नाही.

दार किती रुंद उघडू शकतं, हे पुण्याने दाखवलं. प्रभात रस्त्याजवळचा एक भूखंड प्राथमिक शाळेसाठी राखीव होता. १९९० च्या दशकात ते आरक्षण हलवलं गेलं आणि तिथे निवासी इमारत उभी राहिली. प्रकल्प त्या वेळचे मुख्यमंत्री मनोहर जोशी यांच्या जावयांचा होता. १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल बेकायदा ठरवला. निकाल यायला लागलेल्या वर्षांत एखादं मूल पहिलीतून पदवीपर्यंत गेलं असतं.

मालकाची बाजू मांडली नाही तर मी खोटी ठरेन. आमच्या ग्राउंडची जमीन नगरपरिषदेची नाही, एका कुटुंबाची आहे. आरक्षण पडलं तेव्हापासून नगरपरिषदेने ती घेतली नाही आणि पैसेही दिले नाहीत. फक्त त्यांना विकू दिलं नाही. आम्ही पोरं तिथे खेळत होतो ते त्यांच्या खर्चाने. कायद्यात याला कलम १२७ चा उतारा आहे : अंतिम योजनेनंतर दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि ठरलेल्या मुदतीत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण संपतं. ही मुदत आधी सहा महिने होती, मग बारा, आता चोवीस. पालिकेकडे पैसा नाही म्हणून मुदत वाढत गेली. पैसा तरीही आला नाही.

सुनावणीला मी गेले. बडोद्याहून रात्रीच्या गाडीने. सभागृहात पंचवीसेक माणसं, टेबलामागे अधिकारी, भिंतीवर जुन्या विकास योजनेचा नकाशा, घड्यांवर फाटलेला. प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं. सरांनी कागद वाचला. ‘स्वरूप’ या शब्दापाशी त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग त्या कुटुंबातल्या आजी उठल्या. त्या म्हणाल्या, ‘मैदान पाहिजे तर घ्या ना बाबांनो, मी कधी नाही म्हटलंय? पण घ्या तरी.’ त्यानंतर हरकत घेणाऱ्यांपैकी दोघं बोललेच नाहीत. लिपिकाने दोन्हींची नोंद सारख्याच ओळीत घेतली : म्हणणे ऐकले.

मी तेव्हा उठून बोलले नाही, त्याला आणखी एक कारण होतं. नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात, नाल्याच्या अलीकडे, एक बारीक पिवळी जीभ हिरव्यात घुसलेली आहे. ती आमची जमीन. बाबांनी ती हिरवी असताना घेतली होती. मागच्या सुधारित योजनेच्या वेळी त्या बाजूचे सात-आठ शेतकरी एकत्र येऊन कोणाकोणाला भेटले, हरकतींच्या सुनावणीला ट्रॅक्टरमधून गेले, आणि पट्टा नाल्यापर्यंत सरकला. बाबांनी लगेच दहा गुंठे विकले. त्या पैशातून धाकट्या काकांचं दुकान उभं राहिलं आणि माझं तौलनिक साहित्यातलं एम.ए. झालं. वसतिगृहाची फी बाबा मनीऑर्डरने पाठवत. तेव्हा मला ती फी कुठल्या रंगातून येते याची कल्पना नव्हती. नाल्यालगतचा तो भाग आता जोराच्या पावसात गुडघाभर पाण्यात असतो. हिरवा होता तेव्हाही पाणी यायचं, पण तेव्हा ते कापसात यायचं.

सुनावणीनंतर सर आणि मी चालत ग्राउंडवर गेलो. पाऊस नुकताच थांबला होता, चिखलात पोरं क्रिकेट खेळत होती, स्टंप म्हणून सिमेंटचा एक फुटका खांब. सरांनी विचारलं, ‘प्रस्ताव वर गेला की किती दिवस लागतात?’ मी म्हटलं, याची काही मुदत सांगता येत नाही. ते म्हणाले, ‘मग पुढच्या हंगामापर्यंत तरी पोरांना आहे.’

परत येताना गाडीत चुलतभावाचा मेसेज आला. शेजारच्या गटाचे लोक पुढच्या महिन्यात झोन बदलाचा अर्ज करणार आहेत, आपलं उरलेलं हिरवं वावर त्यात घालायचं का, माझी सही लागेल. मी अजून उत्तर दिलेलं नाही.