मोरोपंतांवरची टीका आणि चाहत्यांचा संताप

छोट्या, स्वतंत्र चित्रपटाचे प्रतिकूल परीक्षण आले की त्याचे चाहते परीक्षकावर तुटून पडतात. बारामतीच्या मोरोपंतांनाही (१७२९–१७९४) असे चाहते लाभले. बाबूजी नाईकांच्या आश्रयाने पंतांनी हजारो आर्या रचल्या. ‘निरोष्ठ रामायणा’त तर प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्णच टाळले! पुढे इंग्रजी शिकलेल्यांना ही कसरत कृत्रिम वाटू लागली. तेव्हा विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त (१८७४–८१) प्रदीर्घ निबंध लिहून पंतांची बाजू लढवली. जॉन्सनवरही प्रेमाने लिहिणारे शास्त्रीबुवा इथे एवढे का चिडले? पंतांच्या उपहासात त्यांना मराठीचाच उपहास दिसत होता. यमकांचा सोस हा आक्षेप मात्र मला रास्त वाटतो. अर्थात या आर्या कीर्तनात गायल्या जात. छापील पानावर ती गंमत निम्मीच उरते.