हौसेचं बिल कोण भरतं? कॉन्टिनेंटल मार्क टूची गोष्ट

जुन्या अमेरिकन गाड्यांच्या जाहिरातींमध्ये अधूनमधून एक गाडी दिसते. लांबलचक बोनेट, दोनच दरवाजे आणि डिकीच्या पत्र्यावर स्टेपनीच्या आकाराचा गोल उंचवटा. खाली लिहिलेलं असतं, '१९५६ ची कॉन्टिनेंटल मार्क टू, पूर्ण रिस्टोअर केलेली, विकणे आहे.' किंमत बघून आपण म्हणतो, बापरे! पण गंमत अशी की ही गाडी नवी होती तेव्हा तोट्यात विकली गेली, आणि आजही अनेकदा तोट्यातच विकली जाते. कसं ते बघू.

सुरुवात होते एका बाप-लेकापासून. हेन्री फोर्डला एकच मुलगा, एड्सेल. १९१९ पासून तो कंपनीचा अध्यक्ष होता, पण नावालाच. शेवटचा शब्द वडिलांचा. एड्सेलने घेतलेले निर्णय हेन्री सरळ फिरवायचे. १९२२ मध्ये फोर्डने लिंकन ही कंपनी विकत घेतली, आणि तिथे मात्र एड्सेलला थोडी मोकळीक मिळाली. त्याला डिझाइनची नजर होती. १९३८-३९ च्या सुमारास त्याने बॉब ग्रेगरी या डिझायनरकडून स्वतःपुरती एक गाडी बनवून घेतली. युरोपियन वळणाची, बुटकी, स्टेपनी मागे बाहेर लावलेली. ती घेऊन तो फ्लोरिडाला सुट्टीवर गेला, तर तिथले श्रीमंत लोक विचारायला लागले, "आम्हाला कधी मिळेल?" अशी पहिली लिंकन कॉन्टिनेंटल बाजारात आली. १९४३ मध्ये एड्सेल गेला, अवघ्या ४९ व्या वर्षी. १९४८ मध्ये गाडीही बंद झाली.

एड्सेलचा धाकटा मुलगा विल्यम क्ले फोर्ड वडील गेले तेव्हा अठरा वर्षांचा होता. पुढे पन्नाशीच्या दशकात कंपनीने कॉन्टिनेंटल परत आणायचं ठरवलं आणि काम त्याच्याकडे आलं. त्यासाठी वेगळा विभाग काढला. म्हणूनच मार्क टूवर लिंकनचं नाव नाही, ती फक्त 'कॉन्टिनेंटल'.

ऑक्टोबर १९५५ मध्ये पॅरिसच्या मोटर शोमध्ये ती लोकांसमोर आली. आता तो काळ आठवा. अमेरिकन गाड्यांना मागे माशासारखे पर फुटले होते आणि जागा मिळेल तिथे क्रोम चिकटवलेलं होतं. मार्क टूवर यातलं जवळपास काही नाही. सरळ, शांत रेषा. गाडी बुटकी दिसावी, पण आत बसणाऱ्याला खुर्चीसारखं बसता यावं, म्हणून दोन चाकांच्या मधली चेसिस खाली झुकवली. इंजिन सहा लिटरचं व्ही-एट. प्रत्येक इंजिन निवडून, तपासून बसवायचे. रंगाचे थरावर थर, मध्ये हाताने घासकाम. आमच्या आयटीच्या भाषेत सांगायचं तर टेस्टिंगचा खर्च फीचरपेक्षा जास्त!

किंमत साधारण १०,००० डॉलर. तेवढ्यात दोन कॅडिलॅक कूपे आल्या असत्या. एल्व्हिस प्रेस्ली आणि फ्रँक सिनात्रा यांनी ती घेतली. पण एवढ्या किमतीतही फोर्डला प्रत्येक गाडीमागे सुमारे हजार डॉलरचा फटका बसत होता, असं सांगितलं जातं. जानेवारी १९५६ मध्ये फोर्डचे शेअर बाजारात आले. घरची कंपनी असताना हौस चालते, पण शेअरहोल्डर आले की हिशोब द्यावा लागतो. १९५७ मध्ये मार्क टू बंद झाली. जेमतेम ३,००० गाड्या बनल्या. त्याच वर्षी कंपनीने 'एड्सेल' नावाचा नवा ब्रँड आणला. तो इतका आपटला की आज वडिलांचं नाव बहुतेकांना त्या अपयशामुळेच आठवतं. मुलाने वडिलांसाठी केलेली चांगली गाडी मात्र मागे पडली.

आता जाहिरातीकडे परत येऊ. हाताने बनवलेली गाडी पुन्हा उभी करायची तर तीही हातानेच. इतक्या कमी गाड्यांचे पार्ट सहज मिळत नाहीत. आतलं लेदर नव्याने शिवायचं, प्रचंड बंपर पुन्हा क्रोम करायचे, पत्रा उघडा करून गंज काढायचा. बिल इतकं वाढतं की अनेकदा गाडीच्या बाजारभावाच्या वर जातं. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला! तेव्हा तोटा फोर्डने सोसला, आता रिस्टोअर करणारा सोसतो.

म्हणून 'पूर्ण रिस्टोअर' हे दोन शब्द वाचले की लगेच भुलू नका. ज्याने खरंच एवढा खर्च केलाय, त्याच्याकडे पुरावा असतो : उघड्या पत्र्याचे फोटो, बिलं, कामाच्या तारखा. फक्त चकचकीत रंग दाखवत असेल, तर खाली गंज आणि वर पुट्टी असू शकते. चेसिस खालून बघायला मागायची.

आपल्याकडे म्हणतात, हौसेला मोल नसतं. असतं हो. फक्त ते जाहिरातीतल्या किमतीत पूर्ण दिसत नाही, कारण त्यातला मोठा हिस्सा आधीच कुणीतरी भरलेला असतो.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या घरात अशी तोट्यात जपलेली एखादी गाडी असेल, तर नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!