पूर्णविरामाच्या आड

हेरांच्या छायाचित्रणात 'मायक्रोडॉट' म्हणजे टाइप केलेल्या अख्ख्या पानाचा फोटो, लहान करत करत पूर्णविरामाएवढा केलेला. आधी पानाचा साधा फोटो घ्यायचा. मग त्या निगेटिव्हचं चित्र सूक्ष्मदर्शकातून उलट्या दिशेने, अतिशय बारीक कणांच्या फिल्मवर पाडायचं. तयार झालेला ठिपका टोक छाटलेल्या इंजेक्शनच्या सुईने कापून उचलायचा आणि मावशीच्या तब्येतीची चौकशी करणाऱ्या एखाद्या पत्रातल्या पूर्णविरामावर चिकटवायचा.

या शब्दातला 'डॉट' आला कुठून? सरळ उत्तर असं की, वस्तू ठिपक्यासारखी दिसते म्हणून. मला ते पुरेसं वाटत नाही. पुढे हे तुकडे चौकोनीही कापत, तरी नाव डॉटच राहिलं. आणि ज्या जर्मनीत हे तंत्र वाढलं, तिथे त्याला 'मिक्रात' असंही म्हणत. त्या नावात ठिपका कुठेच नाही, फक्त बारीकपणा आहे. बनवणाऱ्याच्या टेबलावर तो एक चिमुकला फोटो असतो. पत्रात दडवणाऱ्याच्या आणि पत्र फोडून तपासणाऱ्याच्या लेखी मात्र तो विरामचिन्ह होऊन बसतो. माझ्या मते नाव पडलं ते या लपण्याच्या जागेवरून. जर्मनमध्ये 'मिक्रोपुंक्ट' हाही शब्द आहे, आणि पुंक्ट म्हणजे ठिपका. हा पुरावा माझ्याविरुद्ध दाखवला जाईल. पण तो शब्द हेरखात्याच्या तोंडचा, प्रयोगशाळेतला नव्हे, असं मी धरून चालतो. शिवाय जर्मनमध्ये पूर्णविरामालाही पुंक्टच म्हणतात!

तंत्राचा जनक कोण, यावरही वाद आहे. मँचेस्टरच्या जॉन डान्सरने १८३९ मध्येच सूक्ष्म छायाचित्रं काढली होती. १८७०-७१ च्या वेढ्यात पॅरिसला कबुतरांकरवी गेलेली पत्रं रने दाग्रोंने फिल्मवर उतरवली होती. इथवर एकमत आहे. पुढे एफबीआयचे प्रमुख एडगर हूव्हर यांनी १९४६ मध्ये 'रीडर्स डायजेस्ट'मध्ये लेख लिहून श्रेय दिलं ते ड्रेस्डेनच्या कुणा 'प्रोफेसर झॅप' यांना. आता झॅप नावाचा एक माणूस खराच प्रसिद्ध होता, वॉल्टर झॅप. पण त्याने रीगामध्ये मिनॉक्स हा हेरांचा लाडका छोटा कॅमेरा बनवला, मायक्रोडॉट नव्हे. मिनॉक्सची निगेटिव्ह ८ बाय ११ मिलिमीटरची. ती पूर्णविरामाआड कशी लपणार?

ड्रेस्डेनला हे काम खरोखर करणारा माणूस होता एमानुएल गोल्डबर्ग. मॉस्कोत जन्मलेला हा ज्यू शास्त्रज्ञ झाइस इकॉन कंपनीचा प्रमुख होता. १९२५ मध्ये पॅरिसच्या छायाचित्रण परिषदेत त्याने दाखवून दिलं की, एका चौरस इंचात अख्खं बायबल ५० वेळा मावेल इतकं अक्षर बारीक करता येतं. त्याचा ध्यास होता कागदपत्रं साठवण्याचा आणि शोधण्याचा, हेरगिरीचा नव्हे. १९३३ मध्ये नाझींनी त्याला पळवून नेऊन राजीनामा द्यायला लावला. तो पॅरिसमार्गे १९३७ मध्ये पॅलेस्टाइनला गेला. १९४१ मध्ये दुहेरी हेर दुश्को पोपोव्ह अमेरिकेला गेला, तेव्हा पर्ल हार्बरच्या संरक्षणाविषयीचे जर्मनांचे प्रश्न त्याच्याजवळ होते, तेही मायक्रोडॉटमध्येच. गोल्डबर्गचं नाव मात्र पुसलं गेलं. मायकेल बकलंड या अभ्यासकाने ते पुन्हा उजेडात आणलं. माझं मत पूर्णपणे गोल्डबर्गच्या बाजूचं आहे.

माझं सगळं कुतूहल ज्या एका दुव्यावर उभं आहे, तो इथे मराठीत आहे. ठिपका लपवायचा तर लिपीत आधी ठिपका हवा. मोडीत विरामचिन्हं नव्हती, शब्दही सुटे लिहीत नसत. मराठीला पूर्णविरामाचा ठिपका मिळाला तो इंग्रजीकडून. मेजर थॉमस कँडी यांची 'विरामचिन्हांची परिभाषा' १८५० ची. हिंदीने मात्र उभा दंडच ठेवला. म्हणजे मायक्रोडॉटला लागणारी बैठक मराठीने अवघी पाऊणशे वर्षं आधी मांडून ठेवली होती. आणि अनुस्वार धरले, तर मराठीइतकी सोयीची जागा रोमन लिपीत नाहीच. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्याआधीच्या कुठल्याही पत्रात 'घरें', 'कां', 'नांव' असे ठिपक्यांचे थवे असत. त्यांत एक जास्तीचा ठिपका कोण मोजणार?

यावर कुणी म्हणेल की, मुरलेले हेर पूर्णविरामाच्या नादी लागतच नसत. ठिपका पाकिटाच्या चिकटपट्टीखाली जाई, नाहीतर टपाल तिकिटाखाली. हे खरं आहे, आणि इथेच नाशिक येतं. एकेकाळी भारताची तिकिटं इंग्लंडहून छापून येत. विसाव्या शतकाच्या विशीत नाशिकरोडला इंडिया सिक्युरिटी प्रेस उभी राहिली आणि ती इथे छापली जाऊ लागली. स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट, २१ नोव्हेंबर १९४७ चं तिरंग्याचं, इथलंच. शेजारच्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा निघतात.

त्या नोटेवर मायक्रोडॉटचा चुलतभाऊ राहतो. नव्या पन्नासच्या नोटेवर भिंग धरा. साध्या डोळ्याला जी नुसती बारीक रेघ वाटते, तिच्यात 'भारत', 'आरबीआय', 'इंडिया' आणि ५० अशी अक्षरं सुटी होतात. तीच नोट साध्या झेरॉक्सवर काढली की अक्षरं एकमेकांत मिसळतात आणि उरतो तो डाग. मायक्रोडॉट एकाच वाचणाऱ्यासाठी लपतो. ही अक्षरं मात्र भिंग धरणाऱ्या प्रत्येकासाठी छापलेली आहेत. दोघांच्या पोटात युक्ती एकच, डोळ्याच्या मर्यादेपलीकडे मजकूर ठेवण्याची.

आता खुद्द तो शब्दही हेरांच्या हातून निसटला आहे. जुलै २०१९ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने वाहनांवर आणि सुट्या भागांवर मायक्रोडॉट लावू देणारा नियमांचा मसुदा काढला. हे ठिपके सूक्ष्मदर्शकाने वाचता येतात आणि अतिनील प्रकाशात ओळखता येतात. चोरीची गाडी खोलून सुटे भाग विकले, तरी भागावरचा ठिपका मूळ गाडीचं नाव सांगतो.