चेरिंग क्रॉसला उतरा

साल १८७९. डिसेंबरची दुपार, तरी चेरिंग क्रॉस स्टेशनाबाहेर गॅसचे दिवे लागलेत. तुमच्या हातात ‘डिकन्सेस डिक्शनरी ऑफ लंडन’ आहे. कादंबरीकार डिकन्सच्या थोरल्या मुलानं, धाकट्या चार्ल्सनं, ती याच वर्षी काढली. अख्खं शहर त्यात अकारविल्हे लावलंय. धुक्याची स्वतंत्र नोंद आहे, आणि ती का आहे हे वाचण्याआधीच तुमच्या घशाला कळतं. कोळशाचा धूर जिभेवर येतो, नाकाला लावलेला रुमाल काळा होतो.

समोर हॅन्सम उभी आहे: दोन चाकं, एक घोडा, गाडीवान मागे उंचावर. चढण्याआधी भाड्याचं पान काढा. चेरिंग क्रॉसभोवतीच्या चार मैलांच्या वर्तुळात पहिल्या दोन मैलांना १ शिलिंग, पुढे मैलामागे ६ पेन्स. बाहेर ठेवलेल्या प्रत्येक डागाचे २ पेन्स वेगळे. तंटा झाला तर गाडी थेट पोलीस चौकीवर न्यायला सांगायचा हक्क कायद्यानं तुम्हाला दिलाय. असा हक्क कायद्यात घालावा लागला, म्हणजे भांडणं रोजचीच असणार! कादंबरीत हे सापडत नाही. कादंबरीकाराच्या वाचकाला भाडं ठाऊकच असतं. गाइडबुक परक्यासाठी लिहिलेलं, म्हणून सगळं सांगतं. आणि दीडशे वर्षांनी इथे आलेले तुम्ही तर पुरते परके.

आता तो शिलिंग तोलून पाहा. शिलिंगाचे १२ पेन्स. गोदीतल्या हमालाला तासाला ५ पेन्स मिळतात, तेही त्या दिवशी काम मिळालं तर. तुमची दोन मैलांची सैर म्हणजे त्याची दोन तासांहून जास्त मेहनत. पुस्तकात ही तुलना नाही. ती तुम्ही मांडायची आहे. भाव दिसला की मजुरी शोधायची, ही सवय लावून घ्याच.

तुम्ही बाई असाल, तर पानं आणखी सावकाश उलटा. पुरुष सोबत नसताना खरेदीला निघालेल्या बायकांनी दुपारी कुठे बिनघोर जेवावं, याची नावं दिली आहेत. म्हणजे बायका एकट्या शहरात फिरत होत्या. म्हणजेच बाकीच्या ठिकाणी त्यांच्याकडे बघणाऱ्या नजराही होत्या. त्या चार ओळींतली ती भीती मला कुठल्याही मोठ्या इतिहासग्रंथाइतकी मोलाची वाटते.

चालत नदीकडे या. एम्बँकमेंटवर, म्हणजे नदीकाठच्या बांधावर, वर्षभरापूर्वी विजेचे दिवे लागलेत. पांढरा प्रकाश डोळ्यांत खुपतो. क्लिओपात्राची सुई म्हणतात तो मिसरी स्तंभ गेल्याच वर्षी उभा राहिला. पाहुणे तो बघून पुढे जातात. तुम्ही थांबा, पायाखालची थरथर जाणवू द्या. खाली भुयारातून वाफेचं इंजिन जातंय. त्याच बांधाच्या पोटात अभियंता बॅझलजेटचं गटारही आहे. १८५८च्या उन्हाळ्यात टेम्सला अशी दुर्गंधी सुटली की पार्लमेंट हादरलं. तेव्हा कुठे शहराच्या मैलापाण्याच्या योजनेला पैसा मिळाला.

पूर्वेकडे मात्र एकट्या गाइडबुकावर विसंबू नका. ते स्थळं दाखवतं. स्थळामागच्या गल्लीत कोण राहतं, हे पाहुण्याला सहसा सांगत नाही. तिथे दहा वर्षं पुढे जा. १८८९ साली समाजसंशोधक चार्ल्स बूथनं ईस्ट एंडचा, म्हणजे पूर्व लंडनचा, नकाशा प्रसिद्ध केला. त्यात रस्ता न् रस्ता गरिबीप्रमाणे रंगवलाय: सर्वांत हलाखीच्या वस्तीला काळा, मग निळ्याच्या छटा, पुढे गुलाबी, सुस्थितीला तांबडा. तो नकाशा पुस्तकाशेजारी उघडा आणि टॉवर ऑफ लंडनपासून सुरुवात करा. सेंट कॅथरिन गोदी टॉवरला लागूनच आहे. तासाला ५ पेन्स मिळवणारा माणूस संध्याकाळी तिथून कुठल्या रंगाच्या गल्लीत परततो, ते बोटानं शोधत जा.