निळ्या रक्ताचे देणे

आमच्या धारणीत पावसाळ्यात हगवणीची साथ आली की घरोघरी एकच शब्द ऐकू येतो, सलाईन. मी लहान असताना एका दवाखान्यात अम्मीला सलाईन लावले आणि थोड्याच वेळात तिला हुडहुडी भरली. ‘बाटलीची रिॲक्शन आली,’ कुणीतरी म्हणाले. उकळून जंतू मारलेल्या पाण्याने ताप यावा कसा, हा प्रश्न माझ्या मनात राहून गेला.

उत्तर पुढे वाचनात सापडले. १९२० च्या दशकात अमेरिकेतील फ्लोरेन्स सायबर्ट यांनी दाखवून दिले, की उष्णतेने जिवाणू मरतात, पण त्यांचे विष पाण्यात उरते आणि तेच ताप आणते. मग औषध आधी सशाला टोचून त्याचा ताप मोजण्याची रीत पडली. किती ससे त्यापायी गेले असतील!

सशांच्या मदतीला धावला एक समुद्री जीव. घोड्याच्या नालेसारखा दिसतो, म्हणून त्याला नालखेकडा म्हणू. खरे तर तो सिपनेच्या पाण्यातल्या आपल्या खेकड्यापेक्षा विंचू-कोळ्यांच्या जवळचा. पृथ्वीवर तो सुमारे ४५ कोटी वर्षांपासून आहे. आपल्या देशात ओडिशा-बंगालच्या किनाऱ्यावर आढळतो. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतही त्याचा अभ्यास झाला आहे. त्याच्या रक्तात तांबे असते, म्हणून ते निळे दिसते.

१९५६ मध्ये फ्रेडरिक बँग यांनी नोंदवले, की जिवाणू शिरताच हे रक्त गोठते. रक्तातील पेशी फुटून प्रथिने बाहेर पडतात. काही प्रथिने जंतूंभोवती गाठ बांधतात, तर काही त्यांना थेट मारतात. असेच एक जंतुमारक प्रथिन जपानी शास्त्रज्ञांनी १९८८ मध्ये वेगळे केले. त्याआधीच बँग आणि जॅक लेविन यांनी या पेशींपासून विष ओळखणारी चाचणी तयार केली होती. १९७७ मध्ये अमेरिकी सरकारने तिला मान्यता दिली आणि सशांची हळूहळू सुटका झाली.

पण ओझे उतरले ते दुसऱ्या मुक्या जिवाच्या पाठीवर. नालखेकडे पकडतात, रक्त काढतात आणि पुन्हा समुद्रात सोडतात. त्यातले काही मरतात. सिंगापूरच्या शास्त्रज्ञांनी ते प्रथिन प्रयोगशाळेतच बनवून दाखवले आणि २०२१ पासून युरोपच्या औषधसंहितेत त्या चाचणीला स्थान मिळाले. आता ती सगळीकडे रुजली पाहिजे.

मेळघाटातल्या खाटेवर पडलेल्या माणसाने समुद्र पाहिलेला नसतो. तरीही त्याच्या नसेत थेंब थेंब उतरणाऱ्या पाण्याची हमी, निदान काही वर्षे, त्या निळ्या रक्ताने दिली. ते देणे फेडायची वेळ आता आली आहे.