कर्नल सोफिया कुरेशी : सव्वीस वर्षांची सेवा, चार दिवसांची ओळख

७ मे २०२५ च्या सकाळी दिल्लीतल्या राष्ट्रीय माध्यम केंद्रात परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री यांच्या शेजारी गणवेशातल्या दोन महिला अधिकारी बसल्या होत्या. एक हवाई दलाच्या विंग कमांडर व्योमिका सिंग, दुसऱ्या लष्कराच्या कर्नल सोफिया कुरेशी. आदल्या रात्री ‘ऑपरेशन सिंदूर’ झालं होतं. कुठे मारा झाला, किती वाजता झाला, हे देशाला अधिकृतपणे या दोघींनी सांगितलं. कुरेशी हिंदीतून बोलल्या, सिंग इंग्रजीतून.

त्या दिवसापासून कुरेशी यांचं नाव घरोघरी पोचलं. बेळगाव जिल्ह्यात तर जास्तच, कारण त्यांचं सासर गोकाक तालुक्यातलं कोन्नूर. मात्र टीव्हीवर दिसले ते चार दिवस. त्यामागे सव्वीस वर्षांची सेवा आहे, आणि त्या सेवेचा उल्लेख सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातही आलेला आहे.

थोडक्यात ओळख

नाव : कर्नल सोफिया कुरेशी
मूळ गाव : वडोदरा (गुजरात)
सासर : कोन्नूर, ता. गोकाक, जि. बेळगाव
शिक्षण : महाराजा सयाजीराव विद्यापीठ, वडोदरा; जीवरसायनशास्त्रात पदव्युत्तर पदवी
लष्करात प्रवेश : १९९९, अधिकारी प्रशिक्षण अकादमी (ओटीए), चेन्नई
कोअर : सिग्नल
विशेष नोंद : बहुराष्ट्रीय लष्करी सरावात भारतीय तुकडीचं नेतृत्व करणाऱ्या पहिल्या महिला अधिकारी (२०१६)

दार उघडलं ते एका गोमंतकीयाच्या काळात

कुरेशी यांचे आजोबा लष्करात होते आणि पतीही लष्करी अधिकारी आहेत. म्हणजे घरात गणवेश नवा नव्हता. पण आजोबांच्या काळात नातीला लष्करात अधिकारी होण्याची वाटच नव्हती. डॉक्टर आणि परिचारिका सोडल्या तर महिलांना लष्कर बंद होतं.

ही वाट १९९२ मध्ये खुली झाली. तेव्हा लष्करप्रमुख होते जनरल सुनीथ फ्रान्सिस रॉड्रिग्ज, जन्म मुंबईचा, मूळ गोव्याचं. महिलांनाही लष्करात घ्या, असं पत्र प्रिया झिंगन या तरुणीने थेट त्यांनाच लिहिलं. तसा विचार चालू आहे, असं उत्तर त्यांनी स्वतः पाठवलं. पुढे चेन्नईच्या ओटीएत महिलांची पहिली तुकडी दाखल झाली. तिच्यात २५ जणी होत्या आणि झिंगन यांचा क्रमांक पहिला होता. मार्च १९९३ मध्ये या तुकडीला कमिशन मिळालं. रॉड्रिग्ज नंतर पंजाबचे राज्यपाल झाले. ४ मार्च २०२२ रोजी त्यांचं गोव्यातच निधन झालं.

सुरुवातीला ही भरती फक्त पाच वर्षांसाठी होती. नंतर मुदत वाढत गेली, तरी कायमस्वरूपी कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंतची नोकरी आणि वरच्या हुद्द्यांची वाट, बहुतेक जणींना मिळत नव्हती. १९९९ मध्ये कुरेशी लष्करात आल्या त्या याच व्यवस्थेत.

सिग्नल कोअर म्हणजे काय?

मये, डिचोली, पेडण्याकडचा माणूस पेशंट घेऊन बांबोळीच्या गोमेकोत जातो, तेव्हा त्याच पठारावर लष्कराची छावणी दिसते. सिग्नल कोअरचं दोन नंबरचं प्रशिक्षण केंद्र इथेच आहे. देशभरातून आलेले जवान बांबोळीत या कामाचे धडे घेतात. कुरेशी याच कोअरच्या अधिकारी.

सिग्नल कोअरचं काम एका वाक्यात सांगायचं तर लष्कराचं बोलणं चालू ठेवणं. पुढच्या चौकीवरून आलेला निरोप मुख्यालयात पोचला पाहिजे, मुख्यालयाचा हुकूम चौकीवर पोचला पाहिजे, आणि मधे तो शत्रूच्या कानावर पडता कामा नये. १९११ मध्ये स्थापन झालेल्या या कोअरकडे आज वायरलेसपासून उपग्रह आणि संगणकीय जाळ्यापर्यंत सगळं येतं. ‘तीव्र चौकस’ हे तिचं ब्रीद. नेमका निरोप, वेळेवर, आणि गरजेपेक्षा एक शब्द जास्त नाही, ही या खात्याची रोजची शिस्त. पत्रकार परिषदेत कुरेशी यांच्या बोलण्यात जो मोजकेपणा दिसला, तो या शिस्तीला धरूनच होता.

सीमेवर, पुरात आणि काँगोत

डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाला आणि भारताने पश्चिम सीमेवर सैन्य आणून उभं केलं. हे ‘ऑपरेशन पराक्रम’. त्या वेळी कुरेशी पंजाब सीमेवर तैनात होत्या आणि तिथल्या कामाबद्दल त्यांना लष्करी कमांडच्या प्रमुखांचं प्रशस्तिपत्र मिळालं. ईशान्य भारतातल्या पुरात संपर्क यंत्रणा चालू ठेवण्याच्या कामाबद्दल सिग्नल कोअरच्या प्रमुखांनीही त्यांचा गौरव केला. पूर आला की आधी फोन बंद पडतात, मग रस्ते. कोणाला कुठे होडी हवी आहे हेच कळलं नाही तर मदत पोचणार कशी? अशा वेळी सिग्नलवाल्यांवरच सगळं येतं.

२००६ मध्ये त्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतून काँगोला गेल्या. काम लष्करी निरीक्षकाचं. लढणाऱ्या गटांनी शस्त्रसंधी पाळली आहे का, हे जाऊन बघायचं, त्याचा अहवाल द्यायचा आणि अडकलेल्या नागरिकांपर्यंत मदत पोचायला हातभार लावायचा. इथे बंदुकीइतकंच महत्त्व शब्दाला असतं. निरीक्षकाने अहवालात एक गोष्ट वाढवून लिहिली तरी दोन्ही बाजूंचा विश्वास उडतो. पुढे शांतिसेनेत जाणाऱ्यांना प्रशिक्षण देण्याचं कामही त्यांनी केलं.

पुण्यातला सराव

मार्च २०१६ मध्ये पुण्याजवळच्या औंध लष्करी तळावर ‘फोर्स १८’ हा सराव झाला. आसियानचे दहा देश आणि त्यांच्याबरोबर भारत, चीन, जपान, दक्षिण कोरिया, अमेरिका, रशिया, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, असे एकूण अठरा. विषय दोन होते : शांतिसेनेचं काम आणि पेरलेले भूसुरुंग काढून जमीन पुन्हा वापरात आणणं.

भारताच्या ४० जणांच्या तुकडीच्या प्रमुख होत्या तेव्हाच्या लेफ्टनंट कर्नल सोफिया कुरेशी. अठरा देशांच्या तुकड्यांमध्ये महिला प्रमुख ही एकटीच. शांतिसेनेच्या प्रशिक्षकांमधून ही निवड झाली होती, म्हणजे काँगोतला अनुभव इथे कामी आला. त्या वेळी पेपरांत बातम्या आल्या, फोटो छापले गेले आणि चार दिवसांनी लोक विसरले. न्यायालयात मात्र ही नोंद राहिली.

निकालपत्रात नाव

कायमस्वरूपी कमिशनसाठी महिला अधिकाऱ्यांची लढाई २००३ पासून कोर्टात चालू होती. २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. जवान बहुतेक ग्रामीण भागातून आलेले पुरुष असतात आणि महिलेचा हुकूम मानण्याची त्यांची मानसिक तयारी नाही, असाही एक मुद्दा सरकारकडून मांडला गेला.

१७ फेब्रुवारी २०२० रोजी न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. अजय रस्तोगी यांच्या खंडपीठाने हा मुद्दा फेटाळला. महिला अधिकाऱ्यांनी प्रत्यक्षात काय केलं आहे, त्याची यादीच निकालपत्रात दिली. त्यात पुण्याचा सराव आणि काँगोतली कामगिरी या दोन्हींसह कुरेशी यांचं नाव आहे. सिग्नलसह ज्या शाखांत महिला घेतल्या जातात, तिथे त्यांना कायमस्वरूपी कमिशन द्या आणि नेतृत्वाच्या जागांवरून सरसकट वगळू नका, असा आदेश झाला.

म्हणजे २०२५ च्या पाच वर्षं आधीच या अधिकाऱ्याची कामगिरी देशाच्या सर्वोच्च न्यायालयात पुरावा म्हणून वापरली गेली होती. जानेवारी २०२३ मध्ये लष्कराने कर्नल पदाच्या १०८ जागांसाठी महिला अधिकाऱ्यांचं खास निवड मंडळ बसवलं, तेही या लढाईचंच फळ.

चार दिवस काय सांगितलं?

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामला २६ जणांची हत्या झाली. त्यात महाराष्ट्राचे सहा जण होते. त्याला उत्तर म्हणून झालेल्या कारवाईची माहिती देताना कुरेशी यांनी ७ मे रोजी वेळ सांगितली : रात्री १.०५ ते १.३०. ठिकाणं सांगितली : एकूण नऊ, पाच पाकव्याप्त काश्मीरमध्ये आणि चार पाकिस्तानात. मुरीदकेचं नाव घेताना २६/११ चा संदर्भ दिला. अजमल कसाबला तिथे प्रशिक्षण मिळालं होतं. पाकिस्तानच्या लष्करी तळांवर मारा केलेला नाही, हेही स्पष्ट केलं.

९ मे रोजी त्यांनी आदल्या रात्रीचे आकडे दिले : लेहपासून सर क्रीकपर्यंत ३६ ठिकाणी सुमारे ३०० ते ४०० ड्रोन आले. पडलेले अवशेष तुर्की बनावटीच्या ड्रोनचे दिसतात, पण हा प्राथमिक तपास आहे, असं सांगायला त्या विसरल्या नाहीत. १० मे रोजी एस-४०० यंत्रणा आणि ब्रह्मोसचा तळ उद्ध्वस्त केल्याचा पाकिस्तानचा दावा त्यांनी खोडून काढला. त्याच दिवशी संध्याकाळी पाच वाजल्यापासून गोळीबार थांबला.

पाकिस्तानात लष्कराची बाजू मांडायला ‘आयएसपीआर’ हे १९४९ पासूनचं खातं आहे आणि त्याचा प्रमुख हाच लष्कराचा कायमचा प्रवक्ता. आपल्याकडे युद्धप्रसंगी अधिकारी निवडून पुढे आणले जातात. १९९९ च्या कारगिल युद्धात रोज माहिती देणाऱ्यांमध्ये कर्नल बिक्रम सिंग होते, ते २०१२ मध्ये लष्करप्रमुख झाले. अशा अधिकाऱ्याचं काम बाहेरून वाटतं तितकं सोपं नाही. कमी सांगितलं तर अफवा पसरतात, जास्त सांगितलं तर शत्रूला माहिती मिळते, आणि चुकीचं सांगितलं तर पुढचं खरंही कोणी मानत नाही.

कोन्नूरची अफवा आणि मंत्र्याचं वक्तव्य

त्या दिवसांत चुकीच्या माहितीचा फटका खुद्द कुरेशी यांच्या घरालाच बसला. त्यांच्या बेळगाव जिल्ह्यातल्या घरावर हल्ला झाला, अशी पोस्ट समाजमाध्यमांवर फिरली. बेळगाव पोलिसांनी ती धादांत खोटी असल्याचं जाहीर केलं. कोन्नूरला असं काही घडलंच नव्हतं. उलट तिथे सूनबाईंचं कौतुक चाललं होतं. तोवर सीमाभागातल्या कितीतरी मोबाइलवर ती पोस्ट जाऊन पोचली होती.

दुसरा प्रकार मध्य प्रदेशातला. तिथले मंत्री विजय शहा यांनी जाहीर सभेत कुरेशी यांच्या धर्माकडे बोट दाखवत त्यांना दहशतवाद्यांची बहीण ठरवणारं वक्तव्य केलं. १४ मे रोजी मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेत गुन्हा नोंदवायला सांगितलं. १९ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने शहा यांची माफी नाकारली, अटकेला स्थगिती दिली आणि तपासासाठी तीन आयपीएस अधिकाऱ्यांचं पथक नेमलं.

एकाने त्यांचं नाव अफवेसाठी वापरलं, दुसऱ्याने भाषणासाठी. कौतुक करणाऱ्यांनीही बहुतेक वेळा त्यांच्या धर्माबद्दल आणि बाई असण्याबद्दलच लिहिलं. पंजाब सीमा, ईशान्येतला पूर, काँगो आणि औंध यांचा उल्लेख झाला तो एखाद्या ओळीत.

आता मुलींसाठी वाट कोणती?

१९९९ मध्ये कुरेशी यांच्यासमोर चेन्नईची ओटीए हीच एक वाट होती. आज बारावीनंतर मुलीही राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची (एनडीए) परीक्षा देऊ शकतात. ती वर्षातून दोनदा होते आणि नोव्हेंबर २०२१ पासून मुलींना खुली आहे. पदवीनंतर सीडीएस परीक्षा आहे, आणि एनसीसीचं ‘सी’ प्रमाणपत्र असेल तर लेखी परीक्षेशिवाय थेट मुलाखतीची खास भरतीही आहे. अजून सगळंच खुलं नाही. पायदळ आणि रणगाडा दलात महिला अधिकारी घेतल्या जात नाहीत.

त्याच मे महिन्याच्या ३० तारखेला खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. त्या १७ जणी होत्या. पाच वर्षांच्या नोकरीवर रुजू होऊन पुढचं कोर्टात मागायची वेळ त्यांच्यावर आलेली नाही.