दस्तरखानावरची नावे

हिजरतीनंतर प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मक्केहून आलेले मुहाजिर आणि मदिनेचे अन्सार यांच्यात भाईचारा लावून दिला. इस्लामी इतिहासात त्याला ‘मुआखात’ म्हणतात. तिथे एकाचे घरदार सुटले होते, दुसऱ्याजवळ ते शाबूत होते. विसाव्या शतकात दोन शहरांनी असेच नाते जोडले. फरक इतकाच की दोन्हीकडची घरे कोसळलेली होती.

१४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहर भाजून काढले. पाचशेहून अधिक माणसे मेली, जुने कॅथेड्रल जळाले. दोन वर्षांनी रशियातील स्टालिनग्राडची त्याहून भयंकर दशा झाली. १९४३ साली कॉव्हेंट्रीच्या ८३० बायकांनी एका कापडावर आपापली नावे भरली, प्रत्येकीने सहा पेन्स घातले आणि ते कापड मदतीच्या पैशांसह स्टालिनग्राडला पाठवले. आपल्या भाषेत सांगायचे तर तो दस्तरखानच. १९४४ साली दोन्ही शहरे रीतसर ‘जुळी शहरे’ झाली.

दुःखात सोबतीला असलेल्याशी नाते जोडणे एक वेळ सोपे. शत्रूचे काय? फेब्रुवारी १९४५ मध्ये ब्रिटिश व अमेरिकी विमानांनी जर्मनीतील ड्रेस्डेन जाळले. सुमारे २५ हजार माणसे दगावली. १९५९ साली कॉव्हेंट्रीने त्याच ड्रेस्डेनशी नाते जोडले. तेव्हा ड्रेस्डेन साम्यवादी पूर्व जर्मनीत होते. १९६५ साली कॉव्हेंट्रीहून गेलेल्या तरुणांनी तिथल्या बॉम्बहल्ल्यात पडलेल्या रुग्णालयाच्या बांधकामावर हात लावला. कॅथेड्रलचे प्रमुख रिचर्ड हॉवर्ड यांनी १९४० च्या नाताळातच, भग्न वास्तूतून, सूड नको असे रेडिओवरून सांगितले होते. त्या शब्दांना पुढे असा अर्थ आला.

शीतयुद्धाची सारी वर्षे हे धागे टिकले. मात्र २०२२ साली रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि कॉव्हेंट्रीच्या नगरपालिकेने व्होल्गोग्राडशी (स्टालिनग्राडचे १९६१ पासूनचे नाव) असलेले संबंध स्थगित केले. हा निर्णय अकारण होता असे म्हणता येणार नाही. बॉम्बखाली होरपळलेल्या शहराने मारियुपोल जळताना गप्प कसे बसावे? पण मनाला एक गोष्ट टोचते. युद्ध पुकारले ते मॉस्कोतल्या सत्तेने, आणि दार बंद झाले ते व्होल्गोग्राडच्या माणसांसाठी. सरकारांचे बिनसते तेव्हाच तर अशा नात्याची खरी गरज असते. ड्रेस्डेनच्या बाबतीत कॉव्हेंट्रीने हेच ओळखले होते.

करार नगरपालिका करते, तीच तो थांबवते. त्या ८३० बायकांनी मात्र कोणत्याही कराराची वाट पाहिली नव्हती. त्यांनी सुई-दोरा घेतला आणि आपले नाव भरले. तो दस्तरखान व्होल्गोग्राडच्या संग्रहालयात जपून ठेवला गेला. २०२२ च्या ठरावाने त्यावरचे एकही नाव उसवले गेलेले नाही.